मुलांचें वाचन आणि वडिलांची यादी

दहावी-अकरावींतील मुलाला घरचें इंटरनेट द्यावें तें गृहपाठाच्या संकेतस्थळांपुरतेंच, बाकीचीं दारें बंद ठेवावीं, असा बेत अलीकडे पुष्कळ सुशिक्षित घरांत ठरतो. राउटरमध्यें आठदहा मान्य स्थळांचीं नांवें भरलीं कीं पालक निर्धास्त होतात. हा प्रश्न यंत्राबरोबरच जन्मास आला अशी आपली समजूत असते. परंतु यंत्र नवें असलें तरी यादी फार जुनी आहे. तिचा इतिहास पाहिला तर घरांतल्या या वादाचा निवाडा करणें थोडें सुकर होईल.

‘रिपब्लिक’ या संवादाच्या दुसऱ्या भागांत प्लेटोनें गोष्टी रचणारांवर देखरेख ठेवावी असें सांगितलें आहे. आयांनीं व दायांनीं मुलांना मान्य झालेल्या गोष्टीच सांगाव्या. प्रचलित गोष्टींपैकीं बहुतेक टाकून द्याव्या. कारण, रूपक कोणतें व खरें कोणतें हें लहान मुलाला उमगत नाहीं, आणि त्या वयांत मनावर उमटलेलें सहसा पुसलें जात नाहीं. हें कारण आजहि कोणास सहज खोडून काढतां येणार नाहीं. मात्र टाकावयाच्या गोष्टींत होमर व हेसिअड यांच्याहि गोष्टी होत्या, हें विसरतां कामा नये. ज्या कवींवर ग्रीक मन पोसलें, तेच यादीकाराच्या तडाख्यांत प्रथम सांपडले.

इंग्लंडांत १८०७ सालीं बाथ येथें ‘फॅमिली शेक्सपिअर’ नांवाची वीस नाटकांची आवृत्ति निनांवी निघाली. तिचें संपादन हेन्रिएटा बाउडलर या विदुषीचें होतें. पुढें १८१८ सालीं तिचे बंधु डॉ. टॉमस बाउडलर यांच्या नांवानें ती दहा भागांत प्रसिद्ध झाली. कुटुंबांत मोठ्यानें वाचण्यास अनुचित असे शब्द तींतून गाळले होते. बाउडलर या नांवावरून इंग्रजींत एक क्रियापद रूढ झालें, आणि तें हेटाळणीचें आहे. तथापि या कल्पनेचा उगम मोठा गोड आहे. बाउडलर भावंडांचे वडील घरीं शेक्सपिअर वाचून दाखवीत, व नको ते शब्द ऐकणारांच्या नकळत गाळून पुढें जात. तेथें कात्री होती खरी. पण कात्री धरणारा मुलांच्या शेजारीं बसलेला होता.

आपल्याकडे १८६१ सालीं ‘मुक्तामाला’ व १८६८ सालीं ‘मंजुघोषा’ या अद्भुतरम्य कादंबऱ्या निघाल्या, आणि तरुणांच्या हातीं काय पडावें हा प्रश्न मराठी घरांतहि शिरला. त्याला हरिभाऊ आपट्यांनीं बंदीचें उत्तर दिलें नाहीं. १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें. मनोरंजन करीत करीत घरांतल्या सर्वांना विचारास लावावें, हा त्यांचा मार्ग. बालविधवेची कहाणी सांगणारी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी तेथेंच क्रमशः आली. त्या काळच्या किती वडिलांनीं ती आपल्या मुलीच्या मान्य यादींत घातली असती?

भारतांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. त्याच सुमारास अमेरिकेंत त्याला कुंपण घालण्याचे प्रयत्न सुरू झाले होते. त्यांतला एक प्रयत्न तर हुबेहुब आपल्या राउटरच्या यादीसारखा होता. २००२ च्या कायद्यानें तेथें तेरा वर्षांखालील मुलांसाठीं ‘किड्स’ नांवाचा एक राखीव विभाग निर्माण झाला. तपासून मान्य केलेलीं स्थळेंच त्यांत यावयाचीं, आणि तेथून बाहेर नेणारा एकहि दुवा असूं नये, असा नियम होता. बाग सुरक्षित होती. परंतु तींत झाडें लावण्यास फारच थोडे लोक आले, आणि २०१२ सालीं ती बंद करण्यांत आली. सरकारी मदत घेणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांना चाळणी बसविण्यास लावणारा २००० सालचा कायदा मात्र तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं उचलून धरला. प्रौढ वाचकानें मागितल्यास ग्रंथपालास अटकाव दूर करतां येतो, या गोष्टीला त्या निकालांत वजन होतें. म्हणजे जें कुंपण टिकलें, त्याला मागतांच उघडणारें एक कवाड होतें.

प्रस्तुत लेखकानेंहि आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीसाठीं नऊ स्थळांची यादी केली होती. तिला शाळेंत १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर निबंध होता. बाईंनीं वर्गांत चित्रकार चित्तप्रसाद यांचें नांव घेतलें होतें. त्यांनीं दुष्काळग्रस्त गांवें पायीं फिरून रेखाटनें केलीं. त्यांचें ‘हंग्री बेंगॉल’ हें पुस्तक ब्रिटिश सरकारनें जप्त करून नष्ट केलें. निबंध मीं वाचला, तो चित्तप्रसादांचा त्यांत उल्लेखहि नव्हता. “मला विचारलें कां नाहींस?” असें म्हणतांच ती शांतपणें म्हणाली, “बाबा, यादींत नव्हतें. म्हणून वाटलें, तितकें महत्त्वाचें नसेल.”

तिनें हट्ट केला असता, चोरून शेजारीं जाऊन पाहिलें असतें, तरी मला इतकें वाईट वाटलें नसतें. सरकारनें जें पुस्तक जाळून नाहींसें केलें, तें माझ्या घरांत नुसत्या एका यादीनें नाहींसें झालें होतें.

कुंपण नकोच, असा याचा अर्थ नव्हे. जुगार, बीभत्सता आणि रात्री खाणारा तो अखंड चाळा हीं संकटें खरीं आहेत, व पंधराव्या वर्षीं त्यांच्याशीं एकट्यानें झुंजण्यास कोणत्याहि मुलास सोडूं नये. परंतु मान्य यादी म्हणजे मान्य करणाराच्या ज्ञानाची मर्यादा, हें मुलाला पहिल्याच दिवशीं सांगितलें पाहिजे. यादी कशी वाढेल आणि कोणत्या वयीं संपेल, हेंहि ठरविलें पाहिजे. आतां आमच्याकडे दर रविवारीं मुलगी नवीं नांवें घेऊन बसते. कांहींना मीं नकार देतों. मात्र नकाराचें कारण सांगावें लागतें, आणि तें दरवेळीं तिला पटतेंच असें नाहीं.

चित्तप्रसादांचीं तीं चित्रें पहिल्या रविवारीं आम्ही दोघांनीं मिळून पाहिलीं. मींहि तीं पूर्वीं कधीं पाहिलेलीं नव्हतीं.