कोकणातील उकाडा आणि कपडे: सहलीला जाताना काय घालावे, काय टाळावे?

मे महिन्याच्या सुट्टीत सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरून गुहागर, गणपतीपुळे, मालवणला जातात. घाट उतरला की तासाभरात हवा बदलते, अंगावरचे कपडे मात्र घरून निघतानाचेच असतात. धडधाकट माणसाला यामुळे फार तर चिडचिड होते. ज्येष्ठ नागरिक, लहान मुले, मधुमेह किंवा रक्तदाबाचे रुग्ण यांना मात्र कपड्यांच्या चुकीच्या निवडीमुळे खरोखर त्रास होऊ शकतो.

तापमान कमी, तरी त्रास जास्त का?

सांगलीत एप्रिल-मेमध्ये दुपारचे तापमान साधारण ३७-३८ अंश सेल्सिअस असते, तर रत्नागिरीत ३३-३४ अंश. तरीही रत्नागिरीत जीव जास्त घाबरा होतो. याचे कारण हवेतील दमटपणा.

घाम आल्याने शरीर थंड होत नाही, तो घाम वाळल्याने होते. एक लिटर घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. समुद्रकिनाऱ्यावरील हवेत आधीच भरपूर बाष्प असते. त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी आणि क्षार जातात, उष्णता मात्र आतच राहते. म्हणूनच हवामान विभाग मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच.

दमट उष्णतेची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. दोन-तीन दिवसांच्या सहलीत ती होत नाही. त्यामुळे अंगाला वारा लागू देतील असे कपडे हाच सोपा उपाय आहे.

कोणते कपडे निवडावेत?

- सैल आणि सुती: मलमल, खादी किंवा पातळ सुती कापडाचे कुर्ते, पायजमे, सलवार. कापड आणि त्वचा यांच्यात हवा खेळली पाहिजे.
- फिके रंग, लांब बाह्या: फिके रंग उष्णता कमी शोषतात. सैल लांब बाह्यांमुळे ऊन थेट त्वचेवर पडत नाही.
- जीन्स आणि लेगिंग्ज टाळा: घट्ट, ओल्या कपड्यांमुळे जांघेत घामोळे आणि गजकर्ण (नायटा) होते. खाज सुटल्यास मेडिकलमधून परस्पर मलम आणून लावू नका. अनेक मलमांत स्टिरॉइड असते. त्याने खाज तात्पुरती थांबते, पण गजकर्ण पसरते.
- साडी नेसणाऱ्यांसाठी: सिंथेटिक साडीऐवजी सुती साडी नेसा. परकराची नाडी घट्ट बांधल्यास घामाने कमरेची त्वचा सोलवटते. नाडी रुंद आणि थोडी सैल ठेवा.
- दिवसाला दोन जोड: सुती कापड घाम शोषते, पण लवकर वाळत नाही. दुपारी अंग पुसून कपडे आणि अंतर्वस्त्रे बदला.
- तान्ही बाळे: सुती झबले पुरेसे आहे. बाळ डोक्यावाटे बरीच उष्णता बाहेर टाकते, म्हणून सावलीत टोपडे काढून ठेवा. दुपट्यात घट्ट गुंडाळू नका.

डोके, डोळे आणि त्वचा

पुढे छज्जा असलेल्या टोपीने कान आणि मान उघडी राहतात. चहूबाजूंनी कड असलेली टोपी किंवा छत्री अधिक चांगली. वाळू आणि पाण्यावरूनही ऊन परावर्तित होते, म्हणून गॉगल घ्या. तो अतिनील किरणे अडवणारा आहे, याची खात्री करा. उघड्या त्वचेवर किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावा. सहा महिन्यांखालील बाळाला ते न लावता सावलीतच ठेवा.

समुद्रात उतरताना

साडी, ओढणी आणि जीन्स घालून पाण्यात जाऊ नका. भिजल्यावर हे कपडे जड होतात, पायात गुंडाळतात आणि लाटेत तोल सावरता येत नाही. अंगाला बसणारे, लवकर वाळणारे लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे किंवा साधा टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची पँट चालेल. गणपतीपुळ्याचा समुद्र पोहण्यासाठी सुरक्षित मानला जात नाही. तेथे कोणत्याही कपड्यांत खोल पाण्यात जाऊ नका. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ करून कोरडे कपडे घाला.

मधुमेहींनी पायांकडे लक्ष द्यावे

गणपतीपुळ्याला मंदिरामागील टेकडीला प्रदक्षिणा घालण्याची प्रथा आहे. अनेक भाविक ती अनवाणी करतात. दुपारी फरशी आणि वाळू दोन्ही तापतात. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, त्यामुळे भाजल्याचे कळतही नाही. फोड दिसतो तो संध्याकाळी आणि पुढे त्याची जखम चिघळते.

प्रदक्षिणा सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर करा. जाड सुती मोजे जरूर घाला, पण तापलेल्या फरशीवर मोज्यांच्या भरवशावर चालू नका. वाळूत मागे पट्टा असलेल्या, बंद बोटांच्या चपला वापरा. रात्री दोन्ही तळपाय आणि बोटांच्या बेचक्या तपासा. स्वतःला दिसत नसेल, तर घरातल्यांना पाहायला सांगा.

औषधे सुरू असतील तर

रक्तदाबावरील लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे शरीरातील पाणी लवकर कमी होते. त्यांपैकी हायड्रोक्लोरोथायझाइड, तसेच डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घेणाऱ्यांची त्वचा उन्हाने लवकर भाजते. काही ॲलर्जीच्या आणि मानसिक आजारांवरील औषधांनी घाम कमी येतो. अशा रुग्णांनी दुपारी ११ ते ४ सावलीत राहावे आणि अंग झाकणारे सैल कपडे घालावेत. औषध स्वतःहून बंद करू नका. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास पाणी किती प्यावे, हेही विचारून घ्या.

तातडीने मदत कधी घ्यावी?

चक्कर, मळमळ, पायात गोळे, डोकेदुखी ही सुरुवातीची लक्षणे आहेत. सावलीत किंवा पंख्याखाली बसवा, कपडे सैल करा, थोडे थोडे ओआरएस द्या.

माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, झटके आले किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात असू शकतो. दमट हवेत अंग घामाने ओले असतानाही उष्माघात होतो. घाम येतोय म्हणून वाट पाहू नका.

- १०८ वर फोन करा.
- वरचे कपडे लगेच काढा. स्त्री रुग्ण असल्यास गर्दीत संकोच होतो आणि वेळ जातो. चादर किंवा ओढणीचा आडोसा करा, पण थांबू नका.
- अंगावर सतत पाणी ओता आणि वारा घाला.
- शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.
- पॅरासिटामॉल देऊ नका. उष्माघातात त्याचा उपयोग होत नाही.

थोडक्यात

बॅग भरताना प्रत्येक कपड्याबाबत एकच प्रश्न विचारा: यातून अंगाला वारा लागेल का? उत्तर नाही असेल, तर तो कपडा घरीच राहू द्या.