एरंडेलाची मात्रा

जवळा बाजारला (तेव्हा जिल्हा परभणी, १९९९ पासून हिंगोली) आमच्या घरी एरंडेलाची एकच बाटली असे. गिऱ्हाइके दोन : बैलगाडीचा आस आणि मी.

परवा भाचा जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आला. म्हणाला, "मामा, इथलं ऊन बघता इंजिनात जाड ऑइलच घालावं म्हणतो."

"मग एरंडेलच घाल की!"

तो हसला, पण ही निव्वळ थट्टा नव्हती. लंडनच्या चार्ल्स वेकफिल्डने १८९९ साली वंगणाची कंपनी काढली. मोटारी-विमानांसाठी तिने तेलात एरंडेल मिसळले, आणि १९०९ साली त्यावरूनच 'कॅस्ट्रॉल' हे नाव पडले. पहिल्या महायुद्धात काही विमानांची इंजिने एरंडेलाचे फवारे वैमानिकाच्या तोंडावर उडवीत. बिचाऱ्यांना शत्रूइतकीच पोटाची धास्ती!

तेलाच्या दाटपणाचे आकडे अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने १९११ साली ठरवायला घेतले. आज डब्यावर '१० डब्ल्यू ४०' असते, त्यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा गार इंजिन सुरू होतानाचा, दुसरा शंभर अंशांवरचा. बाहेर बेचाळीस असो की बारा, तापलेल्या इंजिनातले तेल शंभराच्या आसपासच! उगाच जाड घातले, तर पहाटे ते वर चढेपर्यंत इंजिन कोरडे घासणार.

भाच्याने निमूटपणे गाडीचे पुस्तक उघडले. आकडा त्यात छापलेलाच होता.

आजीलाही मात्रा अचूक ठाऊक होती : आसाला पळीभर, मला चमचाभर. फरक इतकाच, की आसाची कुरकुर थांबे आणि माझी सुरू होई.