निजेचा नाद

निजेस शांतता लागते, हा समज जुना असला तरी कोणी फारसा तपासून पाहिलेला दिसत नाही. माझी आजी रत्नागिरीकडील किनाऱ्यावर वाढली आणि लग्न होऊन बडोद्यास आली. दांडिया बाजारातील आमच्या घरी पहिले कित्येक महिने तिचा डोळा लागेना. कारण विचारले की म्हणे, "इथं फार निवांत आहे हो." रात्रभर दर्याची गाज ऐकत निजलेल्या मुलीस विश्वामित्रीच्या मुक्या पाण्याचा काय उपयोग? कोकणीत जिला 'न्हीद' म्हणतात ती तिची नीज किनाऱ्यावरच राहून गेली होती. पुढे गुजराती शेजाराच्या रीतीप्रमाणे आमच्याही माजघरात झोपाळा आला. त्याच्या कड्यांची करकर हळूहळू तिच्या कानांत बसली, आणि मग त्या कड्यांना ती कोणास तेल म्हणून घालू देईना.

आजीला जे एका झोपाळ्याने मिळाले, ते या नगरीच्या अधिपतीस मात्र सहजी मिळाले नाही. महाराज सयाजीराव गायकवाड 28 डिसेंबर 1881 रोजी राज्यकारभार हाती घेते झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. 1885 साली त्यांच्या पहिल्या राणी चिमणाबाई निवर्तल्या. कारभाराचा भार, अभ्यासाचा ध्यास आणि हे दुःख यांपैकी कशाचा किती वाटा होता हे कोण सांगणार? परंतु निद्रानाशाने त्यांना ऐन तारुण्यात गाठले. 1887 साली प्रकृतीसाठी त्यांनी युरोपची पहिली यात्रा केली, व पुढे अशा यात्रांचा क्रमच पडला. शहराच्या दाटीपासून दूर, शेकडो एकरांच्या आवारात लक्ष्मीविलास राजवाडा 1890 मध्ये पुरा झाला. तेथे रात्री गाडीचे चाक वाजावयाचे नाही की फेरीवाला ओरडावयाचा नाही. शांतता हुकमाने मिळत असती तर ती तेथे मिळावयास हवी होती. पण हुकूम बाहेरच्या गलबल्यास लागू पडतो, आतल्यास नाही.

ह्या निद्रानाशाचे राजकारणही झाले, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. संस्थानिकांनी वारंवार परदेशी राहणे इंग्रज सरकारास मानवत नसे. 1900 साली लॉर्ड कर्झन यांनी परिपत्रक काढून अशा प्रवासांस सरकारी परवानगीचे बंधन घातले. सयाजीरावांच्या यात्रांतून बडोद्यास ग्रंथालये, शाळा, संग्रहालय यांच्या कल्पना मिळाल्या हे खरेच; तरी आरंभी ज्या यात्रेचे कारण झोप हे होते, तिचा हिशेब पुढे राजनिष्ठेच्या खात्यावर मांडला जावा, हा न्याय मला विचित्र वाटतो. राजालाही आपल्या झोपेची कैफियत द्यावी लागली!

आणि त्याच काळी मांडवीच्या आसपास, पोळांतील चिंचोळ्या गल्ल्यांत, लोक काय करीत? भिंतीला भिंत लागलेली. एका घरी तान्हे रडले तर चार घरी अंगाई म्हणावयाची वेळ. पहाटे जात्याची घरघर, देवळातली काकडआरती. असे असूनही माणसे निजत, कारण त्या आवाजांस धनी असे. खोकतो तो कोण, दार लावले ते कोणी, हे अंथरुणावर पडल्यापडल्या कळे. ओळखीचा आवाज पहारेकऱ्याचे काम करतो, असे मला वाटते. आपल्या देवाचीही तीच रीत. आषाढी एकादशीस निजलेले भगवंत कार्तिकीस उठतात आणि गणपती, नवरात्र, दिवाळी हे सारे गजराचे सण त्यांच्या निद्राकाळातच येतात. त्यांची कधी तक्रार ऐकिवात नाही.

माणसाची असते, आणि ती वकिलाकडे येते. आवाजाच्या उपद्रवाविषयी इंग्लंडमधील 1879 चा एक निकाल आम्हांस विद्यार्थिदशेत शिकविला जाई. मिठाईवाल्याच्या कुटणीचा खल वीस वर्षांहून अधिक काळ वाजत होता. शेजारच्या डॉक्टरने भिंतीलगत तपासणीची खोली बांधली आणि दावा लावला. डॉक्टर जिंकला. मात्र जे एका वस्तीत उपद्रव ठरेल ते दुसरीत ठरेलच असे नाही, हेही त्यात सांगितले गेले. आमच्या भाषेत बोलावयाचे तर मांडवीचे माप अलकापुरीस लावू नये. आपल्याकडे 2000 सालच्या ध्वनिनियमांनी हे माप आकड्यांत बसविले: रात्री दहा ते सकाळी सहा, राहत्या वस्तीत 45 डेसिबल. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली त्यास बळ दिले. 2011 च्या जूनमध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर निजलेल्या समुदायावर मध्यरात्री पोलिसी कारवाई झाली. त्या प्रकरणी 2012 साली याच न्यायालयाने झोप ही जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानली.

हे सारे मला पाठ होते. तरी काही वर्षांपूर्वी एका वृद्ध पक्षकाराने मला निरुत्तर केले. हृदयाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, घरासमोर गरब्याचे मैदान, आणि नवरात्र तोंडावर. नोटीस काढावी म्हणून ते आले होते. बोलता बोलता त्यांच्या पत्नी म्हणाल्या की, ह्यांना पौषातही पंख्याच्या घरघरीवाचून झोप येत नाही. मी हसलो. उलटतपासणीत प्रतिपक्ष हेच विचारील, मी म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, पंख्याचे बटण माझ्या उशाशी असते."

मी नोटिशीऐवजी मंडळास पत्र लिहिले. माझी मुलगी त्याच मैदानात फेर धरीत असे, हेही येथे कबूल करतो. तरुणांनी दोन कर्णे रस्त्याकडे फिरविले आणि बाराच्या ठोक्याला वाद्ये थांबविली. त्याहून अधिक मागता येईना, कारण वर्षातील पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारास आहे. हे मी त्या गृहस्थांस समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्या पंधरा दिवसांत दुखणेकऱ्याने दुखणे कोठे ठेवावे?"

त्यांच्या फायलीच्या पुठ्ठ्यावर हा प्रश्न मी तसाच पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.