वणव्यावर उपग्रहाची नजर

मध्य प्रांतात बोरीच्या जंगलात कर्नल पिअर्सन यांनी १८६० च्या दशकात अग्निसंरक्षणाचे पद्धतशीर काम सुरू केले. पुढे शंभरहून अधिक वर्षे वनखात्याची भिस्त दोनच गोष्टींवर राहिली. उन्हाळ्याआधी गवताचे पट्टे कापून, जाळून मोकळे करायचे, म्हणजे आग त्या जाळरेषेवर अडते. आणि टेकडीवर हंगामी अग्निरक्षक बसवायचा. दिवसा धूर आणि रात्री डोंगरावरची लाल रेघ, एवढीच त्याच्यासाठी आगीची खूण.

आग आकाशातून दिसते, हे १९७० च्या दशकात अमेरिकेच्या लष्करी हवामान उपग्रहांनी टिपलेल्या रात्रीच्या चित्रांतून लक्षात आले. ती मोजण्याचा पाया जेफ डोझियर यांनी १९८१ मध्ये घातला. साधी जमीन १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक ऊर्जा उत्सर्जित करते, तर पेटलेले गवत-लाकूड ४ मायक्रॉनजवळ. त्यामुळे उपग्रहचित्रातल्या एक किलोमीटरच्या चौकटीत एखादा कोपराच पेटला असला, तरी ४ मायक्रॉनवर अख्खी चौकट उजळते आणि ११ मायक्रॉनवर जेमतेम फरक पडतो. या तफावतीतूनच आग पकडली जाते. कल्पना फार सुंदर, पण साधन तोकडे होते. तेव्हाचे नोआ हवामान उपग्रह ढग आणि समुद्राचे तापमान पाहण्यासाठी बनवलेले; त्यांचा संवेदक साधारण ५० अंशांनाच कमाल मर्यादा गाठी. भर उन्हात तापलेली उघडी जमीनही त्याला आगच वाटे.

डिसेंबर १९९९ मध्ये टेरा आणि मे २००२ मध्ये ॲक्वा उपग्रह अवकाशात गेला. दोन्हींवरचा मोडिस संवेदक आग हेरण्याचा विचार करूनच घडवलेला होता. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २००४ पासून त्याच्या आधारे राज्यांना वणव्याच्या सूचना धाडायला सुरुवात केली. पण एक किलोमीटरची चौकट म्हणजे वनरक्षकाने डोंगराची कोणती बाजू धुंडाळायची? पुढे आलेल्या व्हिअर्स संवेदकाने ही चौकट ३७५ मीटरवर आणली, तेव्हा सूचना खऱ्या अर्थाने कामाची झाली.

वस्तीजवळ मात्र अडचणी वाढतात. वीटभट्ट्या, पोलादाच्या भट्ट्या, पेटलेले कचऱ्याचे डोंगर, सगळेच ४ मायक्रॉनवर चमकतात. वनहद्दीबाहेरचे ठिपके गाळले की खोट्या सूचना कमी होतात, पण हद्दीला लागून असलेल्या खासगी गवताळ जागेत सुरू झालेली आगही त्याबरोबर गाळली जाते.

त्याहून मोठा प्रश्न वेळेचा. मुंबईत दिंडोशी-आरे परिसरातल्या डोंगरावर ३ डिसेंबर २०१८ रोजी संध्याकाळी वणवा भडकला. तेव्हा ॲक्वाची फेरी दुपारी दीडच्या सुमारास होई, टेराची रात्री साडेदहाच्या सुमारास. मधल्या वेळात पेटलेली आग पुढच्या फेरीपर्यंत या दोघांनाही दिसत नसे. आणि आग तेवढी थांबत नाही: मुंबईच्या वणव्याच्या महिनाभर आधी कॅलिफोर्नियात ८ नोव्हेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास लागलेली आग दीडएक तासात पॅराडाइज गावात शिरली. त्या वणव्यात ८५ माणसे गेली.

भूस्थिर उपग्रह सतत एकाच भागावर नजर ठेवतात. भारताचा इन्सॅट-३डी २०१३ पासून दर अर्ध्या तासाला चित्र देऊ लागला, जपानचा हिमावारी-८ २०१५ पासून दर दहा मिनिटांनी. पण तेवढ्या उंचीवरून चौकट पुन्हा दोन ते चार किलोमीटरची होते आणि डोंगरउतारावरची लहान आग तिच्यात हरवते. म्हणून आता खालच्या कक्षेत अनेक छोटे उपग्रह फिरवून दोन्ही उणिवा भरून काढण्याचा प्रयत्न चालू आहे. अशा प्रयत्नांपैकी फायरसॅट या मालिकेचा पहिला उपग्रह मार्च २०२५ मध्ये सोडण्यात आला.