मधपेट्यांची ऋतुनिहाय निगा (बीड जिल्हा)

परसात वा मळ्यात दोन-चार मधपेट्या ठेवणाऱ्याने हंगामाप्रमाणे वसाहतींची घ्यायची काळजी. थंड देशांतल्या पुस्तकांत सगळा भर हिवाळ्यावर असतो. बालाघाटाच्या या अवर्षणप्रवण पट्ट्यात मात्र हिवाळा हीच माशीची सुगी. तिची उपासमार होते ती मेअखेरपासून श्रावणापर्यंत. पाळायच्या माशांपैकी परदेशी मेलिफेरा मध जास्त देते, पण तिला फुलोऱ्यामागे फिरवावे लागते. घरच्या एक-दोन पेट्यांना देशी सातेरी माशी बरी. मात्र हाल झाले की ती पेटी सोडून जाते.

उन्हाळा : मार्च-एप्रिलमध्ये लिंब, पुढे करंज फुलतो. पारा चाळिशीपार गेला तरी पिलाव्याला (अंडी-अळ्यांना) ३४-३५ अंशच लागतात. कामकरी माशा पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. पाणी लांब असले की मेण नरमते आणि मधाने जड झालेले पोळे चौकटीतून ओघळते. म्हणून पेटी चिंचेच्या दाट सावलीत, झाकणावर ओले पोते आणि जवळच खडे टाकलेली पाण्याची उथळ थाळी. पत्र्याच्या शेडची सावली सावलीत धरू नये.

पावसाळा : फुले नसताना समभाग साखर-पाण्याचा पाक संध्याकाळी पेटीच्या आत द्यावा. दिवसा सांडलेल्या थेंबावरून शेजारच्या पेटीच्या माशा लूट सुरू करतात. रिकामी पोळी काढून घ्यावीत, नाहीतर मेणकिडा जाळी विणतो. पेटीच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. दुबळ्या दोन वसाहती एक करायच्या तर एक राणी काढून मधे वर्तमानपत्राचा कागद घालतात. माशा तो कुरतडून पार होईपर्यंत दोघींचा वास एक झालेला असतो. भादव्याच्या सुमारास बाजरीचा पराग येऊ लागतो. कपाशीवर फवारणी असेल त्या दिवसांत शेजाऱ्याला ती संध्याकाळी, माशा परतल्यावर करायला सांगावे.

हिवाळा : तूर, ज्वारीचा पराग, करडई, कोथिंबीर, कांद्याचे बीजोत्पादन. पोळ्याच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीघरे दिसली की वसाहत फुटणार, हे ओळखून तिचे विभाजन करावे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या बीडच्या सीताफळाचा इथे उपयोग नाही. त्याचे परागीभवन बारीक भुंगेरे करतात.

पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था (स्थापना १९६२) आणि महाबळेश्वरचे मध संचालनालय प्रशिक्षण देतात.

मध काढताना बहुतेक घरांवर मेणाची टोपी चढलेल्या मधकोठीच्याच चौकटी घ्याव्यात. पिलावा कोठीतला मध उन्हाळ्यासाठी माशांचा. तो काढणाऱ्याला पुढे दुप्पट साखर घालावी लागते.