बीजांड : आकृतीमागचा वाद

महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकात सपुष्प वनस्पतींच्या बीजांडाची आकृती अर्ध्या पानात मावते. किंजपुटाच्या भिंतीशी जोडणारा बारीक देठ, मधला प्रदेह, त्याभोवती एक किंवा दोन आवरणे, आवरणांच्या टोकाशी उरलेले छिद्र म्हणजे बीजांडद्वार, आणि प्रदेहाच्या आत भ्रूणकोश. विद्यार्थी ही नावे पाठ करतात. त्यांतील भ्रूणकोशावरून एकोणिसाव्या शतकात झालेला वाद मात्र वर्गात क्वचितच सांगितला जातो.

बियांवरील छिद्र इंग्लंडच्या नेहेमाया ग्रू याने सतराव्या शतकातच पाहिले होते. त्याचे कार्य कळण्यास दीडशे वर्षे लागली. इटलीचा जोव्हानी बात्तिस्ता आमिची हा उत्तम सूक्ष्मदर्शक घडवणारा. 1824 च्या सुमारास घोळीच्या फुलातील कुक्षीवर परागकणातून नळी निघालेली त्याला दिसली. ही नळी थेट बीजांडापर्यंत जाते, हे त्याने 1830 मध्ये कळवले.

नळी आत शिरल्यावर काय घडते, यावर मतभेद झाला. 1837 मध्ये माथियास श्लायडेन या जर्मन शास्त्रज्ञाने मांडले, की नळीचे टोकच भ्रूण बनते. बीजांड त्याला केवळ आसरा व पोषण देते. बीज पुरुषाचे, क्षेत्र स्त्रीचे, ही जुनी समजूत जणू शास्त्राच्या भाषेत परतली. पुढच्याच वर्षी पेशीविषयक लेखनाने श्लायडेनचे नाव गाजले आणि या मतालाही वजन आले.

आमिचीने ऑर्किडची बीजांडे तपासून 1847 मध्ये दाखवले, की भ्रूणाची मूळ पेशी परागनलिका पोहोचण्यापूर्वीच भ्रूणकोशात तयार असते. 1849 मध्ये विल्हेल्म होफमाइस्टर याने अनेक जातींत त्याला पुष्टी दिली. तो विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. लाइपझिगमध्ये घरच्या पुस्तकव्यवसायात काम करी. 1856 पर्यंत श्लायडेननेही आपला आग्रह सोडला. 1884 मध्ये एदुआर्द श्ट्रासबुर्गर याने नर केंद्रक व अंडपेशीचे केंद्रक एक होताना पाहिले. 1898 मध्ये सर्गेई नावाशिन याने दुहेरी फलन उघड केले : एका नर युग्मकापासून भ्रूण, दुसऱ्यापासून भ्रूणपोष.

दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी, कुसुम कांता आणि एन. एस. रंगस्वामी यांनी 1962 मध्ये अफूची बीजांडे परीक्षानळीत ठेवून त्यांवरच पराग टाकले. कुक्षीवाचूनही फलन झाले आणि बिया धरल्या. भ्रूणात बीजांडाचा वाटा मूळचाच आहे. आकृती शिकवताना भ्रूणकोशातील अंडपेशीपाशी थोडे थांबावे, ते यासाठी.