छापखाना आपला, पण पाणसळ कोणाच्या हातात?

दर 31 जानेवारीला आपल्या मोबाईलवर 'मूकनायक'चा फोटो फिरतो. 1920 साल, पाक्षिक, बाबासाहेबांचे पहिले वृत्तपत्र, हे सगळे आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. अग्रलेखांवर व्याख्याने होतात, संपादकांवर पुस्तके निघतात. पण ज्या यंत्रावर हे शब्द कागदावर उतरले, ते यंत्र कोण चालवत होते, कोण पुसत होते आणि बिघडले तर कोण दुरुस्त करत होते, हा प्रश्न आपल्या इतिहासलेखनात येतच नाही. माझे म्हणणे सरळ आहे. छापखाना चालवणारे आणि राखणारे हात विसरून लिहिलेला चळवळीचा इतिहास अर्धा आहे, आणि या विसराची किंमत आपण आजही मोजतो आहोत.

आपल्या पूर्वसुरींना यंत्राचे महत्त्व नेमके कळले होते. 1877 मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधू' सुरू केले. 1908 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' काढले. आपल्या विदर्भातले किसन फागुजी बनसोडे तर त्याच्याही पुढे गेले. त्यांनी 1910 मध्ये स्वतःचा छापखानाच उभा केला. पत्र काढायचे तर मजकूर लागतो, पण तो छापून द्यायला दुसऱ्याची मर्जी लागली तर मजकूर कितीही धारदार असो, उपयोग काय? 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी' तयार झाला नाही, ही गोष्ट आपण सांगतो ती विटाळाचा दाखला म्हणून. पण ती यंत्राच्या मालकीचीही गोष्ट आहे.

1936 चे उदाहरण तर सर्वात मोठे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणाचा मजकूर पाहून घाबरले आणि बदल मागितले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. भाषण झालेच नाही, पण दाबलेही गेले नाही. मुंबईच्या भारतभूषण प्रिंटिंग प्रेसमधून ते पुस्तकरूपाने आले आणि इंग्रजी आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. व्यासपीठ दुसऱ्याचे होते, म्हणून ते काढून घेता आले. छापखाना आपला होता, म्हणून शब्द उरले.

त्या काळच्या छापखान्यात काम कसे चालायचे? जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. ओळी चौकटीत हलक्या आवळल्या की वर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोकायचे, म्हणजे सगळे खिळे एका पातळीत बसावेत. एखादा खिळा वर राहिला तर कागद फाटतो, खाली राहिला तर त्या अक्षराला शाई लागतच नाही. 1928 मध्ये समाज समता संघाने 'समता' हे पत्र सुरू केले. हा शब्द संपादकाच्या टेबलावर तत्त्व होता. मशीनवाल्याच्या हाताखाली मात्र तो रोजचा व्यवहार होता, कारण पातळी सारखी नसेल तर 'समता' हे चार ठिकाणी फिके आणि दोन ठिकाणी काळेकुट्ट छापले गेले असते.

आता आपल्या भागाकडे या. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात, म्हणजे तेव्हाच्या चांद्यात, धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा त्या आयोजनात पुढाकार होता. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो 1982 मध्ये झाला. याच जंगलातला बांबू बल्लारपूरच्या गिरणीत जातो आणि कागद होऊन बाहेर पडतो. बांबू आपल्या भागाचा, तोडणारे हात आपल्या भागाचे, पण कागदावर काय छापायचे हे ठरवणारे दूर कुठेतरी.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने या बाबतीत मोठा धडा दिला. 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. तो परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे यायला 2011 चा एप्रिल उजाडला. मालकी एकाची आणि किल्ली दुसऱ्याची असेल तर त्या मालकीत फारसा दम नसतो.

हाच धडा आजच्या छपाईला लावून पाहू. आज आपल्या चळवळीचे दृश्य रूप कापडावर आहे. निळे झेंडे, पंचरंगी ध्वज, टी-शर्ट, पट्टे, बॅनर. यातले बरेच काम स्क्रीन प्रिंटिंगवर होते. ताणलेल्या जाळीवर चित्राची मोकळी जागा ठेवायची आणि स्क्वीजीने शाई खाली ढकलायची, इतके सोपे तंत्र. 1968 च्या मे महिन्यात पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी आणि कामगारांनी कलाशाळा ताब्यात घेऊन याच तंत्राने भिंतीपत्रके छापली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मायकेल व्हॅसिलँटोन यांना कपड्यांवर अनेक रंग छापणाऱ्या फिरत्या यंत्राचे पेटंट मिळाले. आजची गोल फिरणारी स्वयंचलित यंत्रे त्याच वाटेवरची आहेत.

स्वयंचलित म्हणजे आपोआप सांभाळले जाणारे नव्हे, हे यंत्र घेणाऱ्या प्रत्येक तरुणाने लक्षात ठेवावे. पांढऱ्या कापडावर पंचरंगी ध्वज छापायचा तर निळा, पिवळा, लाल आणि नारिंगी अशा चार फ्रेम लागतात. यंत्र एका बाजूला जरासे कलले तरी रंग सरकतात, दोन पट्ट्यांमध्ये फट दिसते नाहीतर रंगावर रंग चढतो. म्हणून पहिले काम पाणसळीचे. यंत्राच्या सांगाड्यावर पाणसळ आडवी आणि उभी, दोन्ही दिशांना ठेवायची आणि पायांचे स्क्रू फिरवून सगळे पाय सारखे टेकवायचे. मग एक पॅलेट प्रमाण धरून बाकीची पॅलेटे एकाच प्रिंट हेडखाली आणायची आणि चारही कोपऱ्यांवर अंतर मोजायचे. त्यानंतर प्रत्येक हेड त्या पॅलेटशी जुळवायचे. जाळी आणि कापड यांच्यात साधारण दीड ते तीन मिलिमीटर अंतर पुरते.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. वरोरा, राजुरा भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरची फरशी हलते आणि पातळी बिघडते. म्हणजे पावसाळा संपला, ऑक्टोबरचे काम अंगावर आले, की आधी पाणसळ लावायची. पावसाळ्यात फ्रेमवरचे इमल्शन सुकत नाही, तर चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पाण्याची शाई जाळीतच सुकते. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी रोज सोडावे लागते, नाहीतर ते हवेच्या नळ्यांतून व्हॉल्व्हमध्ये शिरते. ग्रीस कधी दिले, स्क्वीजीची धार कधी बदलली, हे वहीत लिहावे लागते. आणि फिरत्या हाताखाली हात घालण्याआधी वीज आणि हवा दोन्ही बंद. यातले काहीच अवघड नाही. पण हे माहीत नसलेला मालक मेकॅनिकच्या तारखेवर जगतो, आणि ऐन 14 एप्रिलच्या आठवड्यात त्याचे यंत्र उभे राहते.

"हे तर धंद्याचे प्रश्न, यात चळवळ कुठे आली?" असे कोणी विचारेल. त्यांनी 25 जून 2016 आठवावा. त्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले आणि त्यासोबत 'प्रबुद्ध भारत' जिथे छापला गेला तो बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेसही. लोक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, आणि उतरायलाच हवे होते. पाडणाऱ्यांचा दोष तिळभरही कमी होत नाही. पण इमारत मोडकळीला आली आहे, हे कारण त्यांना देता आले. ज्या वास्तूत यंत्र रोज फिरते, शाईचा वास येतो, पोरे काम शिकतात, तिथे हे कारण सांगायची हिंमत कोणी केली असती का? वारसा जपायचा म्हणजे फलक लावायचा, अशी आपली समजूत झाली आहे. फलकाला तेलपाणी लागत नाही, यंत्राला लागते.

जातीने आपल्याला हाताची कामे दिली आणि त्या हातांची किंमत काढून घेतली. त्यावर उतारा म्हणून शिकलेल्या पिढीने हाताच्या कामाकडे पाठ फिरवली, तर आपण जातीचाच हिशेब पुढे चालवतो. जुळारी आणि संपादक हे एकाच लढ्याचे दोन कार्यकर्ते होते. म्हणून मागणी छोटी आहे. ज्या विहार समितीकडे, बचत गटाकडे किंवा तरुण मंडळाकडे छपाईचे यंत्र आहे किंवा येणार आहे, त्यांनी दोन जणांना, त्यातली एक मुलगी, देखभालीचे पूर्ण काम शिकवावे. यंत्राशेजारी पाणसळ आणि वही टांगावी. आणि आपापल्या गावात जुन्या छापखान्यात खिळे जुळवलेले कोणी म्हातारे हयात असतील, तर या 16 ऑक्टोबरच्या आधी त्यांच्याकडे जाऊन बसावे, त्यांचे काम लिहून घ्यावे. अग्रलेख ग्रंथालयात सुरक्षित आहेत. त्यांच्या हातांतले ज्ञान त्यांच्याबरोबरच जाणार आहे.

जयभीम.